उल्हासनगरचा दाखला

उल्हासनगरच्या झोपडपट्टीतील तरुण आईबापांच्या हलाखीचा विषय निघाला, की एक आक्षेप हटकून येतो: फाळणीनंतर याच ठिकाणी निर्वासित नेसत्या वस्त्रांनिशी आले आणि त्यांनी शहर उभारले, मग या जोडप्यांनी हातपाय का गाळावेत, आणि पोसण्याची ऐपत नसता मुले होऊ द्यावीतच कशाला? दाखला उत्तम आहे. तो पुरा वाचला मात्र पाहिजे.

सिंधी निर्वासितांच्या उद्यमशीलतेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्यांच्या डोक्यावर महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींचे छप्पर होते, सरकारी शिधा होता. 1949 साली खुद्द गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसविली आणि 1954 च्या अधिनियमाने गमावलेल्या मिळकतीच्या भरपाईची तजवीज केली. हे त्यांच्या हक्काचेच होते. ऐपत पाहूनच संतती होऊ द्यावी असा दंडक तेव्हा असता, तर पडद्यांनी वाटून घेतलेल्या त्या बराकींत या शहराची पुढची पिढी जन्मलीच नसती!

आज त्याच शहरातील एखाद्या खोलीत डोकावावे. मधोमध जीन्सच्या पँटींचा ढीग, त्याला टेकून निजलेले तान्हे, आणि शेजारी नगावर मिळणाऱ्या पैशांसाठी शिवणीचे सुटे धागे कापीत बसलेली, बोटे निळी पडलेली विशीतली आई. बाप सकाळपासून नाक्यावर उभा, आणि मुकादमाने हाक दिली नाही तर दुपारी रित्या हाताने परतणारा. काही जण दारूच्या आहारी जातात, हे मी नाकारीत नाही. पण या खोलीत आळस कोणता? 1948 च्या कारखाने अधिनियमाने ठराविक संख्येने स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले; ही बाई तेच काम घरी करते म्हणून कोणाच्याही हजेरीपटावर नाही. अंगणवाडी काही तासांची, आणि तीन वर्षांखालील लेकरासाठी तेथून घरी न्यायचा आहार तेवढा मिळतो. वडिलांच्या शिधापत्रिकेतून नाव वेगळे करावे, तर पत्त्याचा पुरावा हवा. आणि घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. इतके राबूनही उद्याची शाश्वती नसेल, तर मन खचणार नाही काय?

म्हणून माझी मागणी निर्वासितांना मिळालेल्या आधाराहून अधिक नाही. महापालिकेने शहराच्या प्रत्येक विभागात, म्हणजे कॅम्पात, दिवसभर चालणारी पाळणाघरे काढावीत, आणि घरी माल देणाऱ्या ठेकेदाराने बाईचे नाव व दर नोंदवहीत चढविल्याखेरीज एक नगही तिच्या दारी टाकू नये, असा हुकूम कामगार खात्याने काढावा.