करून पाहू या : तीन काठ्यांची तिपाई

बालमित्रांनो, चार पायांचं टेबल अंगणात ठेवलं की डुगडुगतं, पण तीन दगडांची चूल कधी डुगडुगते का? नाही ना! जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय एकदमच टेकतात. चौथा आला की कुणीतरी एक अधांतरी राहतो. हीच युक्ती आज आपण फोटोसाठी वापरू या.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि मधोमध पालघट देवी! गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर नेली, जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण घरातला चौक? भिंत पुन्हा सारवली की तो गेला. म्हणून त्याचा चांगला फोटो हवा.

अडचण अशी, की घरात उजेड कमी. मग कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्यात हात जरासा हलला तरी रेघा फिसकटतात. फ्लॅश मारावा, तर मधोमध पांढरा डाग पडू शकतो. तेव्हा टेकू हवाच.

साहित्य : चार-चार फुटांच्या तीन वाळक्या काठ्या, सुतळी, जुन्या कापडाची पिशवी, भाताचं तूस, कापडाची पट्टी, एक दगड.

कृती : काठ्या शेजारी शेजारी ठेवा. वरून वीतभर जागा सोडून सुतळी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी पाच-सहा वेळा विणत न्या. मग काठ्यांच्या मधल्या फटींतून दोन-दोन वेढे देऊन गाठ मारा. फार आवळू नका, नाहीतर पाय फाकणार नाहीत. आता मधली काठी पुढे, बाजूच्या दोन मागे. झाली तिपाई! वरची तीन टोकं फाकून खोबण तयार होते. तिच्यात अर्धी भरलेली तुसाची पिशवी बसवा. पिशवीत मोबाइल आडवा दाबा आणि पट्टीनं बांधा. भिंग मात्र झाकू नका हं! गाठीखाली सुतळीनं दगड टांगलात, की तिपाई लवकर कलंडत नाही.

दार उघडून बाजूचा उजेड येऊ द्या. दहा सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. बोटाचा धक्काही नको!

बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलात तर पाय वाळूत रुततात. प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवा. पिशवीत वाळू भरू नका, ती मोबाइलमध्ये शिरते. तिपाई नसेल तर सुरूच्या खोडाला पाठ टेका, कोपरं पोटाशी धरा. तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या. काठ्या पडलेल्याच घ्यायच्या. हिरवी फांदी तोडायची नाही, कुणाच्या कुंपणाची काठी उपसायची नाही. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. देवीचा चौक आहे तो. नको म्हणाले, तर नमस्कार करून निघायचं.

पालकांनो, पहिली गाठ मुलांनाच मारू द्या. सुटली तर पुन्हा मारतील.

आणि मुलांनो, फोटो निघाला की वहीत टिपून ठेवा : चौक कुणी लिहिला, गाव कोणतं, तारीख काय. लिहिणाऱ्या आजी-काकूंना एक प्रत नक्की द्या बरं का!