केस करपले म्हणून पोरीला करपवू नका

ताप, खोकला, जुलाब यांच्या गर्दीत अलीकडे दवाखान्यात एक वेगळाच पेशंट दिसू लागला आहे. वय चौदा ते अठरा, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि शेजारी रागाने लाल झालेली आई. स्कार्फ सोडला की केस कसले, केरसुणीच! टोके तांबूस, हाताला खरखरीत आणि मधेमधे तुटून आखूड झालेल्या बटा. काय झाले म्हणून विचारले की पोरगी मान खाली घालते आणि उत्तर आई देते, "तिलाच विचारा डॉक्टर, केसांना इस्त्री केलीय तिनं!"

केस सरळ करायचे चिमट्यासारखे यंत्र आता घरपोच मिळते. लग्नसराई आली, कॉलेजचे गॅदरिंग आले की ते बाहेर निघते आणि मग रोजचेच होऊन बसते. ज्यांना ते परवडत नाही त्या मुली पलंगावर चादर अंथरून, त्यावर केस पसरून मैत्रिणीकडून चक्क कपड्यांची इस्त्री फिरवून घेतात. मान आणि कान भाजून आलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत.

आधी हे होते कसे ते पाहू. आपल्याला दिसतो तो केस नखासारखाच निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेच्या आतले मूळ. केसाच्या बाहेरून घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. आतला ओलावा आणि बळकटी या कौलांमुळे टिकते. इस्त्रीचे यंत्र 200 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि पाणी तर 100 अंशांनाच उकळते. केस ओले असतील तर आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसात बारीक फुगे तयार होतात. 'चुर्र' असा आवाज आला की समजावे, काम बिघडले. जिथे फुगा, तिथे केस पोकळ. आणि तिथेच तो तुटतो. काही मुली 'केस जळू नयेत' म्हणून आधी तेल चोपडतात. तेल लावून तापलेल्या लोखंडात केस धरणे म्हणजे तो पापडासारखा तळणेच झाले.

आता कटू सत्य. करपलेला केस पुन्हा धड होत नाही. करपलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे. शाम्पूच्या बाटलीवर काहीही छापलेले असो, निर्जीव वस्तू 'दुरुस्त' होऊन जिवंत होत नाही. पण गोड सत्यही तितकेच खरे आहे. मूळ शाबूत आहे तोवर नवा केस चांगलाच येणार. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस नवे यायला दोन ते अडीच वर्षे हवीत. या हिशेबाला कोणतेही औषध नाही.

नेमक्या या दोन वर्षांच्या प्रतीक्षेवर दुकान चालते. पार्लरमध्ये सांगतात, केरॅटिन करून घ्या, पाच-सात हजारांत केस रेशमासारखे. यातल्या काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्मॅल्डिहाइड निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली त्याला माणसात कर्करोग करणारे द्रव्य ठरवले. म्हणून 'फॉर्मॅल्डिहाइडमुक्त' क्रीम आली, त्यांतल्या काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल असते. 2024 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिगत छापून आली. तिने असे क्रीम वापरून तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. एकदा भाजलेल्या केसांवर पुन्हा रसायन आणि पुन्हा इस्त्री, याला मी उपचार म्हणणार नाही. वाढत्या वयाच्या मुलीला तर ते नकोच.

गेल्या वर्षी अकरावीतली एक मुलगी आली होती. दोन आठवडे कॉलेज बंद. वडिलांनी धमकी दिलेली, न्हाव्याकडे नेऊन चकोट करतो. मी आईला थोडा वेळ बाहेर बसवले. पोरीचे केस मुळात दाट, कुरळे. वर्गात मुले तिला 'मॅगी' म्हणायची आणि घरी आत्या म्हणायची, असल्या जटा घेऊन लग्न कसे जमायचे! ती पोरगी रोज पहाटे उठून इस्त्री का करायची, हे मग मला वेगळे विचारावे लागले नाही. कुरळे केस हा आजार नव्हे. ज्या घरात बोलून बोलून पोरीच्या हातात इस्त्री दिली जाते, त्याच घराने नंतर तिला 'फॅशनची हौस' म्हणून झोडपावे, हे मला पटत नाही. वडिलांना मी स्पष्ट सांगितले, चकोटाचे नाव पुन्हा काढायचे नाही.

मग करायचे काय? इस्त्री कपाटात नव्हे, घराबाहेर. दर दोन-तीन महिन्यांनी टोके बोटभर कापावीत. फाटलेले टोक वर चढत जाते, म्हणून ही कात्री आवश्यक आहे. किती कापायचे ते मुलीने ठरवावे. डोके धुण्याआधी तास-दोन तास खोबरेल लावावे. केसातली प्रथिने धुऊन जाण्याचे प्रमाण खोबरेलाने कमी होते, असे मुंबईच्या संशोधकांनी 2003 साली दाखवले. कंपनी खोबरेल विकणारीच होती म्हणा, पण काम पटण्यासारखे आहे. शाम्पू टाळूला लावावा, कंडिशनर टोकांना. महागडा नको, वाण्याकडची पुडी पुरते. पंच्याने खसाखसा न पुसता टिपून घ्यावे. कंगवा मोठ्या दातांचा, आणि गुंता खालून वर सोडवत जावा.

एक तपासणी घरीच करा. कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळापासून गळला आहे. गाठ नसेल आणि तुकडे आखूड असतील तर तो मधेच तुटला आहे. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. मुळापासूनचे केस त्याहून फार गळत असतील तर दोष इस्त्रीवर ढकलून स्वस्थ बसू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी शंभरात 59 जणींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन तपासा, गरज वाटली तर थायरॉइडही. दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंगी किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तरी असे केस गळतात आणि आपोआप थांबतात. बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत; कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग नाही, उलट थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. टाळूवर चाई पडल्यासारखे गोल चट्टे, पू किंवा भाजल्याची जखम दिसली तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जावे.

आणि आत्याबाईंनी केसांवर बोलणे थांबवावे. त्याला एक पैसाही लागत नाही.