ठिबकचं प्रेशर ‘किलो’तच बोलू या



ठिबकला प्रेशर किती ठेवायचं, असं विचारलं की पंपवाला ‘मीटर हेड’ सांगतो, ड्रीपचा कॅटलॉग ‘बार’ म्हणतो, पाईपवाला ‘किलो’ बोलतो आणि नव्या गेजवर ‘एमपीए’ नाहीतर ‘पीएसआय’ छापलेलं असतं. प्रेशर तेच, आकडे वेगवेगळे. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या सभासदांनी सगळा हिशोब किलोतच करावा. चार किलोचा पाईप, सहा किलोचा पाईप हे आपल्या तोंडात बसलेलंच आहे. हा किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटर जागेवर एक किलो वजनाचा दाब.

ही ओळ सेव्ह करून ठेवा:

१ किलो = १० मीटर पाण्याची उंची = ०.९८ बार = ९८ किलोपास्कल = ०.०९८ एमपीए = १४.२ पीएसआय

शेतात बार आणि किलो एकच धरा, फरक फक्त दोन टक्क्यांचा आहे. खरा घोळ एमपीएवर होतो. काटा ०.१ वर दिसला की “प्रेशरच नाही” असं वाटतं आणि बायपास आवळला जातो. प्रत्यक्षात तो एक किलो असतो. काटा ०.३ वर नेला की तीन किलो झाले, मग ग्रोमेट सटकतात, नळ्या निसटतात. पीएसआयचं उलटं आहे. १० आकडा बघून भरपूर वाटतं, पण ते जेमतेम ०.७ किलो.

आता याने पिकाला काय फरक पडतो? पीसी नसलेला साधा ड्रीपर १ किलोला तासाला ४ लिटर देत असेल, तर अर्ध्या किलोला साधारण २.८ लिटर देतो. चार तासांत १६ लिटरच्या जागी ११. रावेर-यावलच्या केळीला मे महिन्याच्या उन्हात ही तूट सोसत नाही. आणि खत पाण्याबरोबरच जातं, म्हणजे शेवटच्या झाडांना खतही तेवढंच कमी. पुढे घड लहान-मोठे निघाले की आपण दोष रोपांना देतो.

साक्रीकडच्या चढ-उताराच्या शेतांना तर हा हिशोब आधी करावा लागतो. वरचं टोक फिल्टरपेक्षा ५ मीटर उंच असेल तर अर्धा किलो चढण्यातच गेला. ३ मीटरवर टाकी ठेवून “ग्रॅव्हिटीवर चालेल” म्हणणाऱ्यांना मिळतो ०.३ किलो, तोही फिल्टरच्या आधी.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज हवाच. दोघांतला फरक ०.५ किलोच्या वर गेला (७ पीएसआय, किंवा ०.०५ एमपीए) की बॅकवॉश करा. १० किलोच्या गेजवर एवढा फरक नीट दिसतच नाही, म्हणून ० ते ४ किलोचा घ्या. पंपाचं प्रेशर त्यावर जात असेल तरच मोठा. “मोठा गेज जास्त टिकतो” असं दुकानात सांगतात. टिकेल हो, पण दाखवणार काय?

काही तरुण सभासद म्हणतात, मोबाईलवर कन्व्हर्टर आहे की. आहे ना. पण रात्री लाईट आल्यावर चिखलाच्या हाताने तो कोण उघडतो? डिप्लोमात आम्ही पास्कल शिकलो, परीक्षेला तेच बरोबर. शेतात मात्र साक्रीचे एक काका मला म्हणतात तेच खरं: “भाऊ, माले किलोमा सांग.”

पुढच्या एकत्रित खरेदीत पाईप, पंप आणि ड्रीपर या तिन्हींचं प्रेशर कोटेशनवर किलोत लिहून घ्यावं, हा मुद्दा मी बैठकीत मांडणार आहे. तोवर या पाळीला पाणी चालू असताना दोन्ही गेजचा फोटो मला पाठवा. गेजवर छापलेलं युनिट फोटोत दिसलं पाहिजे.

– तुमचा कृषी मार्गदर्शक