स्लॅबची पाठ सांभाळा

मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी ऐन स्लॅबच्या दिवशी सकाळी पोहोचलो. नारळ फुटला होता, मिक्सर सुरू होता, घमेली हातोहात वर चालली होती. मी टेप काढून मधल्या बीमशेजारी बसलो. बीमवरून जाणाऱ्या वरच्या सळ्या सेंट्रिंगच्या फळीपासून शंभर मिलिमीटर उंच हव्या होत्या. टेपवर भरले सत्तर. आदल्या संध्याकाळी फिटरने त्या नीट बांधल्या होत्या, पण खाली चेअर (वरच्या सळ्या उचलून धरणारे, सळई वाकवून केलेले पाय) नव्हत्या आणि सकाळपासून वीसेक माणसं त्यांच्यावरून ये-जा करत होती. मी मिक्सर थांबवायला लावला. चेअर वाकवून, सळ्या उचलून पुन्हा बांधायला तास गेला. घरमालक शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, तीन सेंटिमीटरनं एवढं काय बिघडतं?"

प्रश्न रास्त होता. घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं, ते अपुरं होतं. आज सविस्तर देतो, कारण महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे स्लॅब ओतला जातो आणि बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

खोलीच्या चारही बाजूंना बीम किंवा भिंत असेल आणि लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त नसेल, तर त्या स्लॅबला आपण टू-वे म्हणतो. तो कसा काम करतो हे नवारीच्या बाजेवर बसून कळतं. आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींत विणलेल्या असतात, त्यामुळे जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे दोघींना सारखंच खाली जावं लागतं. आखूड पट्टी ताठ असते, म्हणून तेवढंच खाली जाण्यासाठी तिला जास्त भार घ्यावा लागतो. हा फरक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. चौरस खोलीत दोन्ही दिशा निम्मा-निम्मा भार घेतात. लांबी रुंदीच्या दुप्पट झाली की आखूड दिशा सोळा भाग घेते आणि लांब दिशेकडे एकच उरतो. दुपटीची मर्यादा आली ती इथून. आखूड दिशेची सळई सगळ्यात खाली आणि लांब दिशेची तिच्यावर का बांधायची, तेही यातूनच उमगतं: जास्त भार जिच्यावर, तिला वरून जास्त खोल जागा.

आता त्या घराचा हिशेब पाहू. कोपऱ्यातली खोली ३.५ मीटर बाय ४.२ मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर. स्लॅबचं स्वतःचं वजनच चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातं. फरशीचे शंभर धरायचे, माणसं आणि सामानाचे मानकाप्रमाणे दोनशे. बेरीज सहाशेच्या पुढे. तिला दीडपटीचा सुरक्षा गुणांक लावला की हिशेबाचा भार होतो सव्वानऊशे किलो. आयएस ४५६:२००० या मानकाच्या 'ड' परिशिष्टात टू-वे स्लॅबसाठी कोष्टक आहे. चार कडांपैकी कोणत्या सलग (जिच्यापलीकडे स्लॅब पुढे जातो) आणि कोणत्या तुटक (जिथे तो संपतो), यावरून त्यात नऊ प्रकार केले आहेत. या खोलीच्या दोन कडा सलग, दोन तुटक. आखूड दिशेला मध्यभागाचा गुणक आहे ०.०४५ आणि सलग बीमवरचा ०.०६०.

हे दोन आकडे नीट पाहा. स्लॅब मध्यभागी पोटाकडून ताणला जातो आणि बीमवर पाठीकडून. पाठीवरची मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, पोटावरच्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त आहे. तिथे पावणेसात किलोन्यूटन-मीटर पेलायचे आहेत. मीटरभर रुंदीत आठ एमएमच्या चार सळ्या शंभर मिलिमीटर उंचीवर असतील, तर त्या आठच्या पुढे पेलतात. त्याच चार सळ्या सत्तरवर आल्या की क्षमता पावणेसहावर उतरते. स्टील तेवढंच, सिमेंट तेवढंच, खर्चही तेवढाच. बुटाखाली दबलेल्या तीन सेंटिमीटरनी पुरेसा स्लॅब अपुरा केला. मालकांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे आहे.

गावोगावी चालणारा ठोकताळा आहे, "आठ एमएम, सहा इंचाला जाळी टाका." या खोलीत तशी जाळी टाकली तर खाली गरजेच्या दुपटीच्या आसपास स्टील जातं आणि पाठीवर बऱ्याचदा काहीच नसतं. असा स्लॅब सहसा कोसळत नाही. खालच्या जास्तीच्या सळ्या भार उचलून धरतात आणि लोकांना वाटतं, मिस्त्रीचं बरोबर होतं. पण बीमच्या रेषेवर पाठ उकलते. गच्चीवर त्या तड्यातून चार पावसाळे पाणी झिरपतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि खालून काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात. मग वॉटरप्रूफिंगवर पैसा जातो. स्टील वाढवून मजबुती येते हा समज सोडायला हवा. मजबुती येते ती सळई जिथे ताण आहे तिथे असली तर.

बाल्कनीला तर ही सवलतही नाही. ती एकाच कडेला धरलेली असते आणि तिचा सगळा ताण पाठीवर असतो. वरची सळई दबली की खालची मदतीला येऊ शकत नाही. शिवाय घराच्या खोल्यांना मानक चौरस मीटरला दोनशे किलो धरायला सांगतं, बाल्कनीला तीनशे, कारण मिरवणूक बघायला सगळं घर तिथेच गोळा होतं.

कोपऱ्यांचंही असंच. चौकोनी पत्रा चार कडांवर टेकवून मध्ये दाबला की त्याचे कोपरे वर उचलतात. स्लॅबही तसंच करू पाहतो, पण भिंती-बीम त्याला धरून ठेवतात आणि त्या ओढाताणीत कोपऱ्यात पीळ बसतो. म्हणून दोन्ही कडा तुटक असलेल्या कोपऱ्यात, वर आणि खाली, आखूड गाळ्याच्या एक पंचमांश लांबीची जाळी मानकाने सांगितली आहे. आपल्या खोलीत ती सत्तर सेंटिमीटर भरते. ड्रॉइंगवर ती असते. साइटवर शोधावी लागते.

डेन्मार्कच्या के. डब्ल्यू. योहानसेन यांनी १९४३ च्या प्रबंधात स्लॅब कोणत्या रेषांवर मोडतो याचं गणित मांडलं. लांबट खोलीच्या छताला कोपऱ्यांतून निघून मधल्या रेषेला मिळणाऱ्या त्या रेषा पोस्टाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूसारख्या दिसतात. आपल्या कोष्टकाचा पाया त्याच विचारात आहे. पण ते सगळं गणित एक गोष्ट गृहीत धरतं: सळई ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या जागी आहे. ती तिथे आहे की नाही, हे कोणतंही सॉफ्टवेअर पाहू शकत नाही. ते कोणीतरी गुडघ्यावर बसून, टेप लावूनच बघावं लागतं.

इथे माझ्या व्यवसायाचा दोष मी स्पष्ट सांगतो. आम्ही आरसीसी कन्सल्टंट चौरस फुटाच्या दराने ड्रॉइंग देतो आणि स्लॅबच्या दिवशीची भेट 'लागली तर' या सदरात ठेवतो. माझं मत ठाम आहे: काँक्रीट पडण्याआधी स्टील तपासून लेखी परवानगी देणं हा डिझाइनचाच भाग आहे. ती भेट फीमध्ये धरलेली असली पाहिजे आणि ती सही नसेल तर मिक्सर सुरू होता कामा नये.

घर बांधणाऱ्यांना माझी विनंती. आयुष्याची पुंजी त्या एका दिवशी ओतली जाते, तेव्हा जेवणावळीच्या तयारीआधी पंधरा मिनिटं सेंट्रिंगवर चढा. खालच्या सळ्या फळीपासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक आहेत का पाहा. वरच्या सळ्यांखाली चेअर आहेत का पाहा. हाताने दाबल्यावर सळई खाली जाते का, तेही. माणसांना चालायला सळ्यांवर फळ्या टाकून घ्या. वरच्या सळ्यांची उंची टेपने मोजा आणि इंजिनिअरला विचारा, किती हवी होती. काँक्रीट पडल्यावर ही मोजणी कोणालाही सोपी राहत नाही. जे बघायचं, ते त्याआधीच बघा.

(लेखक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत.)