परीक्षा इंग्रजीची नव्हे, निर्णयाची



‘परदेशातली परिचारिका-परीक्षा म्हणजे इंग्रजीची चाळणी’ हे आपल्या अंकातील मत वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतील नोंदणीसाठीच्या ‘एनक्लेक्स-आरएन’मध्ये इंग्रजीचा पेपरच नसतो, भाषेसाठी आयईएलटीएससारख्या वेगळ्या चाचण्या आहेत. एप्रिल २०२३ पासूनच्या स्वरूपात ८५ ते १५० प्रश्न येतात, उत्तरांगणिक काठिण्य बदलते आणि रुग्णाच्या नोंदी वाचून ठरवावे लागते: चौघांपैकी आधी कोणाकडे जायचे, कोणते काम सहायकाकडे सोपवायचे? आपल्या वॉर्डांत असे निर्णय बहुधा डॉक्टरांचेच मानले जातात. खरी अडचण तिथे आहे, व्याकरणात नाही.

इंग्रजी कच्चे असेल तर प्रश्नच कळणार नाही, हा आक्षेप रास्त. पण वाक्य कळले म्हणून कोणता रुग्ण आधी पाहायचा हे कळत नाही. केवळ संभाषण-वर्गांवर पैसे ओतणे म्हणजे तापावर चष्मा बदलणे. परीक्षाकेंद्र बेंगळुरूतच आहे. निर्णयक्षमतेचा सरावही इथल्याच नर्सिंग महाविद्यालयांत, पहिल्या वर्षापासून व्हायला हवा. दोष विद्यार्थिनींच्या उच्चारांवर ढकलू नये.

— एक वाचक, शिवाजीनगर, बेंगळुरू