कराचीच्या तुरुंगातले खलाशी : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली



पहलगामच्या हल्ल्यानंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात बोलणे म्हणावे असे फारसे काही उरलेले नाही. सिंधू पाणीवाटप करार आपण स्थगित केला, अटारीची चौकी बंद केली, व्हिसे रद्द झाले, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झाले आणि १० मे रोजी मारा थांबला. एवढे होऊनही दोन जुने रिवाज मोडले नाहीत. १९८८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला अणुप्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. २१ मे २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या दिल्या जातात. सीमेवर गोळे पडले त्या वर्षीही या याद्या वेळेवर पोहोचल्या. हे पत्र दुसऱ्या यादीबद्दल आहे.

आपल्याच मंत्रालयाने १ जानेवारी २०२६ रोजी जाहीर केल्याप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात ५८ नागरी कैदी आणि १९९ मच्छीमार आहेत. ते भारतीय आहेत किंवा भारतीय असल्याचे मानले जाते. आपल्याकडे ३९१ नागरी कैदी आणि ३३ मच्छीमार आहेत. पाकिस्तानात शिक्षा पूर्ण केलेल्या भारतीय मच्छीमारांची आणि नागरी कैद्यांची संख्या १६७ आहे. त्यांना सोडा, अशी मागणी आपण केली आहे. मागणी रास्तच आहे. पण तीच मागणी दर सहा महिन्यांनी जवळजवळ त्याच शब्दांत निघते आणि माणसे आत राहतात. २००८ चा करार सांगतो की राष्ट्रीयत्व निश्चित झाले आणि शिक्षा पूर्ण झाली, की महिन्याभरात कैद्याला मायदेशी पाठवावे. यादीचे कलम दोन्ही देश काटेकोरपणे पाळतात. सुटकेचे कलम मात्र राजकीय हवामानाकडे बघून चालते.

हे १९९ जण कोण आहेत? बहुतेक गुजरातचे आहेत, पण त्यांच्यात आमच्या पालघर जिल्ह्याचेही आहेत. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांतले आदिवासी तरुण पावसाळा सरता सरता ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळच्या बंदरांकडे निघतात आणि तिथल्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढतात. घरच्या भातशेतीवर वर्ष निघत नाही. मालकाकडून आगाऊ उचल मिळते, ती घरी देऊन माणूस महिनोनमहिने समुद्रावर जातो. बोट कुठे न्यायची हे मालक आणि तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, ठरवतात. खलाशी जाळे टाकतो, ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो. यंत्रावरची हद्दीची रेघ बघायचे त्याचे कामच नसते. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा एजन्सीची बोट जवळ आली, की तांडेल आणि खलाशी एकाच दोरीने बांधून कराचीला नेले जातात. बोटही जप्त होते. मालक किनाऱ्यावरच असतो.

या प्रवासाचे टोक कुठवर जाते, तेही या जिल्ह्याने पाहिले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापुढे ‘जलपरी’ नावाच्या बोटीवर पाकिस्तानी एजन्सीने गोळीबार केला. त्यात वडराईचा एक मच्छीमार गेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या कैदेत मृत्यू झाला. त्याचा देह गावी पोहोचायला सुमारे दीड महिना लागला. मृत देह परत देण्यासाठी कुठल्या वाटाघाटी लागतात, साहेब? त्यात काश्मीर नाही, पाणी नाही, दहशतवाद नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणे एवढेच आहे.

माणसे हद्द का ओलांडतात, याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग सरळ आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत मासळी घटली आहे आणि सिंधूच्या मुखाकडच्या पाण्यात घोळ, शेवंड, माकूल अजून सापडते. काही बोटी चुकून जातात, काही जाणूनबुजून. जीपीएस असलेल्या बोटीबाबत ‘कळलेच नाही’ हे दर वेळी खरे नसते, आणि ते मान्य केल्याने आपली बाजू कमकुवत होत नाही. दुसरा भाग असा, की ओलांडायची रेघच अजून कुणी आखलेली नाही. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या खाडीचा वाद सुटलेला नाही. जमिनीवरची सीमा समुद्राला कुठे मिळते हे ठरत नाही, तोवर समुद्रातली सीमाही कागदावर उतरत नाही. प्रत्येक देश आपल्या मनातल्या रेषेवर गस्त घालतो आणि त्या रेषेच्या पलीकडून आलेला तो घुसखोर ठरतो.

आणि हा वाद, विचित्र योगायोगाने, मुंबईतून निघालेला आहे. ब्रिटिश काळात सिंध मुंबई इलाख्यात होता. १९३६ मध्ये तो वेगळा झाला. सिंध आणि कच्छचे राव यांच्यातला तंटा मिटवण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ मध्ये एक ठराव केला. त्याच्या नवव्या परिच्छेदात आणि जोडलेल्या नकाशातल्या हिरव्या रेघेत सीमा खाडीच्या पूर्व काठाने जाते. दहाव्या परिच्छेदात खाडी नौकानयनाला योग्य असल्याने तिचा मध्यप्रवाह धरावा असे सूचित होते. पाकिस्तान हिरवी रेघ धरतो. भारत मध्यप्रवाह आणि १९२५ चा नकाशा. १९६५ च्या कच्छच्या रणातल्या चकमकींनंतर नेमलेल्या न्यायाधिकरणाने १९६८ मध्ये निवाडा दिला, पण सर क्रीक त्यात आलेच नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांच्या जलसर्वेक्षकांनी खाडीची एकत्र पाहणी केली. २०१२ मध्ये दिल्लीत बोलणी झाली आणि तिथेच थांबली. आधी समुद्राकडून सीमा आखत येऊ आणि खाडीचा प्रश्न शेवटी घेऊ, असा पर्याय भारताने सुचवला होता. पाकिस्तानने आधी खाडी, मग समुद्र, असा हट्ट धरला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारकुनी विसंगतीची किंमत आज तलासरीचा खलाशी मोजतो आहे.

सध्या या खाडीवरचे वातावरण आणखी तापले आहे. २ ऑक्टोबर २०२५ रोजी भूजमध्ये संरक्षणमंत्र्यांनी सर क्रीकजवळच्या पाकिस्तानी लष्करी बांधकामांचा उल्लेख करून कराचीकडे जाणारा एक रस्ता याच खाडीतून जातो, असा इशारा दिला. तो इशारा पाकिस्तानच्या लष्कराला होता. खाडीच्या तोंडाशी जाळे टाकणाऱ्या माणसाला तो दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. तणाव वाढला, की गस्त वाढते. गस्त वाढली, की धरपकड वाढते.

सुरक्षेचा मुद्दा हलका नाही. मुंबईइतके हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल? २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून, तिच्यावरच्या माणसांचा जीव घेऊन आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. बोटींवर नजर हवी, परतणाऱ्या प्रत्येकाची चौकशी हवी. पण त्याच घटनेने आणखी एक गोष्ट दाखवली: पहिला बळी मच्छीमारांचा गेला आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या अनोळखी माणसांकडे पहिली शंकेची नजरही मच्छीमारांचीच गेली. समुद्रावर ज्याच्यावर विसंबायचे, त्यालाच दोन्ही देश वर्षानुवर्षे संशयित म्हणून कोंडून ठेवत असतील, तर सुरक्षेचे हे कसले गणित?

गणिताचाच विषय निघाला, तर ‘जशास तसे’ हे धोरण या प्रश्नात आपल्यालाच महाग पडते. त्यांच्याकडे आपले १९९ मच्छीमार, आपल्याकडे त्यांचे ३३. एकास एक अशी सुटका केली तरी १६६ भारतीय आतच राहतील. २०१४ पासून २,६६१ भारतीय मच्छीमार परत आले, त्यांपैकी ५०० जण २०२३ पासून, असे मंत्रालय सांगते. ही जमेची बाजू आहे आणि तिचे श्रेय आपल्या अधिकाऱ्यांना द्यायला हवे. पण २,६६१ हा आकडा जुलै २०२५ च्या निवेदनात होता आणि जानेवारी २०२६ च्या निवेदनातही तोच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ जण आले, त्यानंतर तो हललेला नाही.

कायदा काय म्हणतो, हे आपल्याला मी सांगायची गरज नाही, वाचकांसाठी लिहितो. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याविषयक कराराच्या ७३ व्या कलमानुसार विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडणाऱ्या परदेशी बोटींवरच्या माणसांना, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. वाजवी हमी घेऊन बोट आणि माणसे लवकर सोडायची असतात. भारत आणि पाकिस्तान दोघेही या कराराचे सदस्य आहेत. परदेशी बोटींच्या मासेमारीविषयीच्या आपल्या १९८१ च्या कायद्यातही विशेष आर्थिक क्षेत्रातल्या उल्लंघनासाठी दंड आहे, कैद नाही. प्रादेशिक समुद्राची, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची, गोष्ट वेगळी. पण अनेक प्रकरणांत बोट नेमकी कुठे पकडली हेच वादग्रस्त असते, कारण रेघच नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो असे आपण शाळेपासून ऐकतो. समुद्रावर तो पकडणाऱ्याला मिळतो.

शेजाऱ्यांशी वागायचा दुसरा रस्ता आपण अलीकडेच वापरला आहे. ढाक्यात सत्तांतर झाल्यानंतर बांगलादेशशी आपले संबंध बिघडले होते. तरी ५ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही तटरक्षक दलांनी भर समुद्रात, सागरी सीमेवर, मच्छीमारांची अदलाबदल केली. आपले ९५ आले, त्यांचे ९० गेले, बोटींसह. ही माणसे पकडली जाऊन काही महिनेच झाले होते. तिथे हे जमले, कारण सीमा ठरलेली आहे. ७ जुलै २०१४ च्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या निवाड्यात वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर बांगलादेशला गेले आणि भारताने तो निवाडा मानला. तेव्हा तोटा वाटणाऱ्या त्या निर्णयाचा फायदा बंगालचे मच्छीमार आज घेत आहेत.

पाकिस्तानशी असा लवाद आज कुणी सुचवणार नाही, मीही सुचवत नाही. सर क्रीक सुटेपर्यंत थांबा, असेही म्हणत नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच: मच्छीमारांचा प्रश्न उरलेल्या सगळ्या वादांपासून सोडवून बाहेर काढा. त्याला स्वतःचा रस्ता आणि स्वतःचे वेळापत्रक द्या. हे शक्य आहे, याचा पुरावा आपणच दिला आहे. १० सप्टेंबर २०२५ रोजी, सिंदूरनंतर अवघ्या चार महिन्यांनी, भारताने ५३ मच्छीमारांसह ६७ पाकिस्तानी कैदी अटारीवरून परत पाठवले. बंद चौकी त्या दिवशी उघडली आणि त्याने देशाच्या भूमिकेला तसूभरही धक्का लागला नाही.

म्हणून पुढच्या गोष्टी कराव्यात, ही विनंती.

उरलेल्या पाकिस्तानी मच्छीमारांपैकी ज्यांचे राष्ट्रीयत्व निश्चित झाले आहे आणि ज्यांच्यावर दुसरा गुन्हा नाही, त्यांना तारीख जाहीर करून सोडावे. १६७ जणांची मागणी मग रिकाम्या हाताने होणार नाही.

अदलाबदल समुद्रातच करण्याचा प्रस्ताव द्यावा. कराचीतून सुटलेला खलाशी आज रेल्वेने लाहोर, मग वाघा-अटारी, मग पुन्हा रेल्वेने गुजरात, असे अर्धे उपखंड फिरून घरी येतो. कराची ते ओखा हा जहाजाने एका दिवसाचा प्रवास आहे. भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानची एजन्सी यांच्यात २००५ मध्ये संपर्काचा करारही झालेला आहे. या वाटेला अटारी उघडी की बंद, हा प्रश्नच पडणार नाही.

दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांविषयीची समिती २००७ मध्ये नेमली गेली. तिचे सदस्य तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत. २०१३ नंतर ती भेट झालेली नाही. ती पुन्हा सुरू व्हावी, यासाठी आपण जाहीरपणे आग्रह धरावा.

आपल्या घरातही काम आहे. एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची केंद्राची योजना आहे. ती सौराष्ट्रातल्या मोठ्या ट्रॉलरवर आधी पूर्ण करावी. हद्द ओलांडल्याची जबाबदारी बोटमालकावर टाकावी. पकडल्या गेलेल्या खलाशाच्या घरी मजुरी चालू ठेवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य करावे. खलाशी महाराष्ट्राचा आणि बोट गुजरातची, म्हणून कुटुंबाने दोन राज्यांच्या दारांत उभे राहावे, हे बरे नाही. हा विषय मत्स्यव्यवसाय मंत्रालयाचा म्हणून आपण बाजूला ठेवू नये, कारण त्याचा शेवट आपल्या मंत्रालयाच्या टेबलावरच होतो.

शेवटची विनंती सगळ्यांत सोपी आहे आणि तिला इस्लामाबादची संमती लागत नाही. मंत्रालयाच्या निवेदनात एकूण आकडे असतात. पुढच्या निवेदनासोबत एक तक्ता जोडावा: कोणत्या राज्याचे किती, कोणत्या साली पकडलेले, किती जणांना उच्चायुक्तालयाचे अधिकारी भेटले, किती जणांची शिक्षा कोणत्या तारखेला संपली. नावे छापू नयेत, ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फक्त घरी कळवावीत. शिक्षा संपल्याची तारीख एकदा कागदावर आली, की तिच्यापुढचा प्रत्येक दिवस करारभंगाचा दिवस म्हणून मोजता येईल. संसदेत विचारता येईल, इस्लामाबादलाही विचारता येईल. आज तो दिवस फक्त घरचे मोजतात, आणि त्यांच्या मोजणीला कुठल्याही वाटाघाटीत वजन नाही. ते वजन देणे आपल्या हातात आहे.

आपला नम्र,
एक मराठी लेखक