पायवाटांची शर्यत

डोंगरात पळण्याच्या शर्यती आता आपल्याकडे चांगल्याच रुजल्या आहेत. सिंहगड-राजगड-तोरणा या ५३ किलोमीटरच्या शर्यतीसाठी लोक वर्षभर तयारी करतात. मी पेण-रोह्याच्या डोंगरांत पळतो, त्यामुळे "आपल्याकडेही अशी एक शर्यत हवी" हे वाक्य दर हिवाळ्यात कानावर पडतं. हवी, नक्की हवी. पण कशासाठी, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे.

आधी जमिनीबद्दल. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून सपाटी होते. म्हणून हे डोंगर जिन्यासारखे दिसतात. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅपसुद्धा जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. पळणाऱ्याला हे पुस्तकातून नाही, पोटऱ्यांतून कळतं! चढावर दम लागतो, पण खरा कस उतारावर. घसाऱ्यावर पाय सरकतो, वाळक्या गवताखाली धोंडा दडलेला असतो. त्यात कोकणचा दमटपणा. अवचितगडाची उंची जेमतेम ३०० मीटर, पण पायथाही जवळपास समुद्रसपाटीलाच. म्हणजे सगळी उंची स्वतःच्याच पायांनी कमवायची.

आता वाटांबद्दल. अवचितगडावर मेढे, पिंगळसई आणि पडम या गावांकडून वाटा चढतात. अशा वाटा कुणी पळणाऱ्यांसाठी आखलेल्या नाहीत. लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायकांनी, गुराख्यांनी, बाजाराला निघालेल्या माणसांनी त्या पाडल्या. रबरी चपला घालून, डोक्यावर ओझं घेऊन त्या बायका ज्या सहजतेने घसारा उतरतात, ते बघितलं की आपल्या महागड्या बुटांची जरा लाजच वाटते.

पण वाट पावलांवरच जगते. वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला, घरात गॅस आला, की जुन्या वाटेवरची वर्दळ आटते. रस्ता यायलाच हवा, आजारी माणसाला झोळीतून उतरवण्यात कसली आलीय मौज? पण दोन-तीन पावसाळे कोणी फिरकलं नाही, की कारवी आणि घाणेरी वाट गिळून टाकतात. माझ्या मते शर्यतीचा खरा उपयोग इथे आहे. तिच्या निमित्ताने दरवर्षी वाट साफ होईल, शे-दोनशे पावलं तिच्यावरून जातील.

अर्थात, हे वाडीतल्या माणसांना सोबत घेतलं तरच. ज्या तप्त स्रोतातून आपला दख्खनचा लाव्हा आला, त्याच स्रोतावर आज हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे नात्याने आपलं भावंडच की! तिथे दर ऑक्टोबरात दीडशे किलोमीटरहून लांब शर्यत होते, बेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओलांडणारी. ती माफात नावाच्या दुर्गम भागातून जाते. तिथल्या वस्त्यांना गाडीरस्ताच नाही. जायचं तर पायी, नाहीतर हेलिकॉप्टरने. आणि या शर्यतीत बेटावरचे लोक स्वतः मोठ्या संख्येने पळतात. ती त्यांची शर्यत आहे.

आपल्याकडे काय दिसतं? नोंदणीची फी काही हजारांत, आणि वाडीतला पोरगा पाण्याच्या टेबलामागे टोपी घालून उभा. जो त्या वाटेवर सगळ्यांना मागे टाकेल, तोच पाणी वाटतोय!

म्हणून पेण-रोह्यात शर्यत करणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पावसाळा संपल्यावर वाट साफ करायचं काम वाडीतल्या लोकांना रोजावर द्यावं. वाडीतल्या मुलामुलींना फी माफ असावी, बूट मिळावेत. आणि मार्ग ठरवताना आधी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. कोणती वाट बुजली आणि कुठल्या टाक्यात उन्हाळ्यातही पाणी असतं, हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं.

एवढं होणार नसेल, तर मेडल घेऊन घरी जाणारे आपण फक्त पाहुणे. पाहुण्यांनी यावं, पळावं... पण घर कुणाचं आहे हे विसरू नये.